दुसरा खटका

भंगारवाल्याकडे निघालेली गाडी आमच्या बोळाच्या वळणावर अडकली, त्यात माझा काही हात नव्हता. पुढचं सगळं मात्र माझ्याच हातांनी झालं.

रिपरिप चालली होती. छत्री उघडावी तर उगाच वाटावं, न उघडावी तर अंग ओलं. टेम्पोवाला मागेपुढे करत साऱ्या बोळाचा उद्धार करत होता. टेम्पोच्या पाठीवर ताडपत्रीखाली एक जुनी मोटार, दोरखंडांनी आवळलेली… आणि भिंतीला चिकटून एक उंच माणूस. हातात छत्री, तीही मिटलेली. आपण भिजतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

आमचं वर्कशॉप त्या वळणावरच. गाड्यांच्या बॉडीचं काम. ठोकायचं, कापायचं, जोडायचं. आधी बाबा करायचे, आता मी करते. दारात कोणी आलं की मी गाडीच्या आधी माणूस बघते. कुठे मूळचा पत्रा आहे आणि कुठे वरून भरलंय, ते माणसातही कळतं. आत्या म्हणते, "म्हणून तर अजून बिनलग्नाची आहेस. आलेल्या प्रत्येकाला हातोडीने वाजवून बघतेस."

"कुठे निघाली ही?" मी विचारलं.

"भंगारात."

"कोण म्हणतं?"

"आई."

आईचं ऐकणारा. हे जमेला धरायचं की नावे टाकायचं, ते मागाहून ठरवू म्हटलं.

ताडपत्रीचा कोपरा उचलून मी मडगार्डवर बोटाच्या पेराने टक् केलं. पत्रा घुमला, अगदी स्वच्छ. मग वाकून दारांखालच्या पेटीत बोट खुपसलं. बोट सरळ आत गेलं आणि तांबूस चुरा तळहातावर आला.

"वरून जिवंत आहे, खालून कुजलीये," मी म्हटलं. "कुजलेलं कापून नवं जोडता येतं. असली गाडी भंगारात घालतात होय?"

"किडलेलं कोरून काढायचं आणि मग भरायचं," तो म्हणाला. "आमच्याकडेही तेच."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"दात भरतो, कवळ्याही करतो. खोटे दात."

मला हसू आलं. तो बघतच राहिला… डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"डावा सुळा जरा पुढे आहे तुमचा."

"मग? मागे बसवून देताय का?"

"नाही, नाही… राहू द्या. तो आहे म्हणून हसणं खरं वाटतं."

चिखलात उभं राहून, टेम्पोवाल्याच्या शिव्यांच्या साक्षीने माझ्या सुळ्याचं कौतुक करणारा हा पहिलाच. मी टेम्पोवाल्याला ओरडले, "इथेच उतरव!" खरं सांगायचं तर गाडी भंगारात काढण्याजोगी नव्हती, आणि माणूस तर मुळीच नव्हता.

त्या दिवशी मी मध्ये पडले नसते, तर संध्याकाळपर्यंत त्या गाडीचा चुरा झाला असता आणि सगळं तिथेच मिटलं असतं. हे मी नंतर फार वेळा मनाशी घोळवलं.

गाडी त्याच्या वडिलांची. वडील आता नाहीत. ते गेल्यापासून ती त्यांच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, ताडपत्रीखाली उभी. आईला ती नजरेसमोर नको झालेली. जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन होता, पण बॉडी धड असेल तरच तो ती नेणार होता. म्हणून मग भंगार.

"बॉडी मी धड करते," मी म्हटलं. "मग द्या त्याला."

तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. पुढच्या डाव्या दाराशी थांबला. ते दार बाहेरून दोरीने बांधलेलं होतं. दोरीचा पीळ पत्र्याच्या गंजात रुतून बसला होता.

"हे दार तेवढं शेवटी घ्या."

"का?"

"असंच."

'असंच' हा शब्द मी बरोबर लक्षात ठेवते. त्याच्याखाली नेहमी काहीतरी कुजत असतं.

बाबा मागच्या खोलीत खिडकीपाशी बसलेले असतात. हात थरथरायला लागल्यापासून हातोडी सुटली, पण कान सुटले नाहीत. मी पुढे ठोकत असले की मागून ओरडतात, "ठोकळा वर घे! पोकळ वाजतंय!" या भागातले सगळे कारागीर अजून त्यांना थोरले मिस्त्री म्हणतात. त्या नावावरच आमच्या दारात गाड्या येतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला सगळ्यांच्या नावाचा भाव ठाऊक असतो. माझ्यासुद्धा. मी म्हणजे थोरल्या मिस्त्रींची मुलगी.

दुपारी त्याचं कवळ्यांचं दुकान बंद असायचं. तेवढ्या वेळात तो यायचा, उपड्या डब्यावर बसायचा आणि सांगेल ते करायचा. घासायला कागद दिला तर घासायचा, ठोकळा धरायला सांगितला तर श्वास रोखून धरायचा.

"दातवाला आला गं!" आत्या आतूनच जाहीर करायची. "आज बॉनेटला कवळी बसवतोय, की कुणाला मागणी घालतोय?"

त्याचे कान लाल व्हायचे. माझेही झाले असतील, पण माझ्या तोंडावर गंजाची धूळ असायची. या धंद्याचा तेवढा एक फायदा.

एकदा मी त्याच्या हातात चुंबक दिलं. "पत्रा असेल तिथे चिकटेल. पुट्टी भरलेली असेल तिथे पडेल. फिरा सगळ्या गाडीवरून आणि पडेल तिथे खडूने गोल काढा."

परीक्षेला बसल्यासारखा तो गाडीभोवती फिरला. बांधलेल्या दाराला आणि त्याच्यामागच्या, दोन दारांमधल्या खांबाला वळसा घालून गेला, तेही मी पाहिलं. परत आला तेव्हा नाकाच्या शेंड्यावर खडू. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने ते चुंबक हळूच माझ्या खांद्याला लावलं. अर्थातच ते पडलं.

"पडलं," तो गंभीरपणे म्हणाला. "आत पुट्टी आहे."

"अस्सं? आणा इकडे."

मी ते त्याच्या खिशावर टेकवलं. टप्पकन चिकटलं!

"लबाड! खिशात काय आहे?"

"कोरणी… दातांची." तो हसत होता. "पण चिकटलं की नाही? आता काढून दाखवा."

मी काढलं नाही. तो तसाच, छातीवर चुंबक घेऊन, दुपारभर काम करत राहिला. अहो-जाहो कुठे सुटलं ते आठवत नाही, पण बहुधा तिथेच.

दारांखालच्या पेट्यांना नवे पत्रे बसवताना मी त्याला बाबांची घडी शिकवली. पत्रा कापला की कड धारदार राहते. बाकीचे तशीच जोडतात. बाबा ती कड आत वळवायचे, मग आणखी एकदा वळवायचे, साडीच्या काठासारखी. आणि कोपऱ्याशी पाकिटाच्या तोंडासारखी दुमडायचे. हात कापत नाही, पाणी शिरत नाही.

"दुसरं कोणी करत नाही असं?" त्याने विचारलं.

"वेळ कोणाला आहे? ही फक्त बाबांची. आणि माझी."

"आणि आता माझी," तो म्हणाला, आणि पत्र्याच्या एका कपच्यावर त्याने ती घालून दाखवली. बारीक कामाचा हात. पहिल्याच खेपेला कोपरा बसला. मागच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोणाचा हात गं हा? हलका पडतोय." मी म्हटलं, "दातवाल्याचा." ते म्हणाले, "ठेवून घे."

आत्या हसून हसून बेजार. मी तो कपचा खिशात टाकला.

त्याच्यात एकच गोष्ट मला नावे टाकावीशी वाटायची. तो दार लावायचा आणि परत ओढून बघायचा. मग पुन्हा एकदा. वर्कशॉपचं दार, हत्यारांचं कपाट, अगदी प्रायमरच्या डब्याचं झाकणसुद्धा. मी चिडवायची, "लागलं हो! पळून नाही जायचं ते." तो हसायचा, पण ते हसू उशिरा पोचायचं.

शेवटी एका दुपारी मी विचारलंच. पाऊस पत्र्याच्या छपरावर बोटं वाजवत होता. गाडीचं सगळं अंग उघडं पडलं होतं, फक्त ते दार तेवढं दोरीने बांधलेलं.

"का रे असं ओढून बघतोस?"

तो बराच वेळ हातातला कागद घासत राहिला, पत्रा संपला तरी.

"या दाराला दोन खटके आहेत," तो म्हणाला. "पहिला वाजला की दार लागल्यासारखं दिसतं. दुसरा वाजला की खरं लागतं. वडिलांचा डावा हात गेलेला होता, त्यांना ओढता यायचं नाही. त्यांचं दार मी लावायचो. मग फिरून माझ्या बाजूने बसायचो…"

"हं."

"त्या दिवशी आमचं वाजलं होतं. कशावरून, ते आता आठवतही नाही बघ. मी रागात दार ढकललं आणि फिरलो. एक खटका ऐकला की दोन…" त्याने मान हलवली. "उतारावरच्या वळणाला दार उघडलं. शेजारी बसून बोलत होते. मग शेजारी कोणी नव्हतं."

बाहेर पाऊस चालूच होता. मागच्या खोलीत बाबांची कपबशी खुळखुळली.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. कधीच नाही. फक्त मी घरातून निघालो की म्हणते, 'दार नीट लाव.' रोज म्हणते."

मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तेलकट होता. त्याच्या बाहीवर माझी चार बोटं काळी उमटली. त्याने पाहिलं, पण पुसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून आला.

"ते दार काढू आता?" मी विचारलं.

"काढ," तो म्हणाला. "पण मी असताना नको."

दोरी कापली तेव्हा सकाळ होती. बिजागऱ्या शाबूत होत्या; त्या सोडवल्या आणि दार अलगद हातात आलं. मी ते बाकावर आडवं टाकलं आणि कडेला जिथे दाराची जीभ असते तिथला गंज ब्रशने झाडला. गंजाचा एक मोठा गोळा जिभेला चिकटलेला होता. तेल सोडलं, पुन्हा घासलं…

तो गोळा नव्हता. ती पट्टी होती. दाराची जीभ जिच्यात अडकते ती पोलादी पट्टी. तिची जागा गाडीच्या खांबावर. खांबाला ती स्क्रूने आवळलेली असते. ही खांबाला नव्हतीच. ही दाराच्या जिभेत होती, अजून घट्ट पकडलेली. दोन्ही स्क्रू तिच्यात तसेच, आणि स्क्रूच्या आट्यांत पिवळट पुट्टी.

मी जीभ अंगठ्याने दाबून बघितली. पुढे सरकायला जागाच नव्हती. दुसऱ्या खटक्यावर होती.

म्हणजे त्याने दार लावलं होतं. रागात ढकललं, तरी पक्कं लागलं होतं. दार उघडलं नव्हतंच. खांबावरची पट्टीच उखडून दाराबरोबर गेली होती. त्या गोंधळात कोणीतरी दार पुन्हा ढकलून दोरीने बांधलं, वर ताडपत्री पडली, आणि इतकी वर्षं कोणी पाहिलं नाही. कोण पाहणार? आई खिडकीतून ताडपत्री बघत होती, आणि तो दारांच्या कड्या.

मला नाचावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी एक गिरकी घेतलीसुद्धा.

मग खांबाकडे वळले. चुंबक लावलं. पडलं. छिन्नी लावली तर पुट्टीची जाड वडी निघून आली. तिच्यामागे लोखंड नव्हतंच. मूठ जाईल एवढं भगदाड, कडा कुजून पापडासारख्या. आणि त्या भगदाडावर झाकण म्हणून मारलेला एक पातळ पत्रा, त्याच्यावर पुट्टी भरून त्या पुट्टीतच तेव्हा ती पट्टी आवळली होती. मी पत्रा उचकटून काढला.

त्याची कड आत वळवलेली होती. मग आणखी एकदा. कोपरा पाकिटासारखा दुमडलेला.

सिनेमात अशा वेळी हातातली हातोडी पडते. माझी पडली नाही. मी ती नीट बाकावर ठेवली.

बाबा दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. "आवाज का थांबला गं?"

मी पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि… त्यांचा चेहरा उजळला.

"माझं काम," ते म्हणाले. "कोपरा बघ. अजून सुटला नाही."

तो कोपरा त्यांनी मला किती कौतुकाने दाखवला! ते कौतुक मला आयुष्यभर पुरेल.

मग मी तो कुठे सापडला ते सांगितलं. त्यांना गाडी आठवेना. "दलाल आणायचे गं. रंगवून विकायच्या असायच्या. खांब कापायचा म्हणजे अर्धी गाडी सोडवावी लागते… दलालाला घाई. तशा तेव्हा पुष्कळ केल्या. सगळेच करायचे."

"याच्या वडिलांनी विकत घेतली ती, बाबा. ते या दारातून पडून गेले. आणि हा समजतोय की दार त्याने लावलं नाही."

कपबशी खुळखुळायला लागली. मी कप काढून घेतला, तरी हात खुळखुळत राहिले.

"त्याला सांग," ते शेवटी म्हणाले, "दार लागलेलं होतं. गंजाने खांब गेला. खोटं नाही ते. पोरगा सुटेल."

"आणि हा पत्रा?"

"टाक भंगारात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गंजाला बाप नसतो, पोरी."

दारात आत्या उभी होती, हातात पुसायचं फडकं. तिच्या तोंडी पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "चहा गार झाला," एवढंच ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

हिशेब मला बरा येतो. पट्टी दाखवली तर तो सुटत होता. पत्रा लपवला तर बाबा सुटत होते, त्यांचं नाव राहत होतं, आणि मलाही तो मिळत होता. कोणाचंच नुकसान नव्हतं. वरून बघितलं तर अगदी गुळगुळीत. चुंबक लावून बघायला येणार होतं कोण?

मी पत्रा एप्रनच्या खिशात टाकला. फेकणार आहे की दाखवणार आहे, ते खरंच ठरलं नव्हतं.

तो दुपारी आला. बाकावर पडलेलं दार बघून दारातच थबकला. मी त्याला हाताला धरून आणलं, त्याचं बोट जिभेवर ठेवलं.

"दाब."

"सरकत नाही."

"दुसऱ्या खटक्यावर आहे म्हणून. आणि ही पट्टी खांबावरची. खांब फुटून दाराबरोबर आली. दार उघडलं नव्हतं रे. तू लावलं होतंस. पक्कं."

त्याला कळायला वेळ लागला. त्याने पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग तो उकिडवा खाली बसला आणि दाराच्या कडेला कपाळ टेकून रडला. आवाज न करता, नुसते खांदे. मी बाजूला बसून राहिले. माणूस इतका हलका होताना मी कधी पाहिला नव्हता. वर बघितलं तेव्हा तोंड गंजाने माखलेलं, आणि तो हसत होता. वेळेवर पोचलेलं हसू.

"मी लावलं होतं," तो म्हणाला.

"लावलं होतंस."

"आईला सांगतो. आत्ता जाऊन सांगतो… आणि मग—" त्याने माझे दोन्ही हात धरले. "मग तुझ्या बाबांना भेटायला येतो. रीतसर. आत्याला सांग, कवळी नाही, मागणी."

एवढ्यावर थांबता आलं असतं. माझं सगळं आयुष्य तिथे, त्या बाकापाशी, गोड होऊन उभं होतं.

"पण खांब असा पोकळ कसा?" तो उठत म्हणाला. "वरून तर धड दिसत होता. कोणीतरी झाकलं असणार. कोणी केलं असेल गं हे?"

गंज म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, पण पहिल्या खटक्यावर अडकला.

मी खिशातून पत्रा काढून त्याच्या हातावर ठेवला.

त्याने तो उलटा केला. अंगठा कडेवर फिरला… एक घडी. दुसरी घडी. कोपऱ्याशी येऊन अंगठा थांबला. ज्या बोटांना मी शिकवलं होतं, तीच बोटं. मला एक अक्षर बोलावं लागलं नाही.

"वेळ कोणाला आहे, म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"फक्त बाबांची."

"हो."

मागच्या खोलीत काहीच वाजत नव्हतं. तो त्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. इतका वेळ, की मला भीती वाटली. मग त्याने पट्टी आणि पत्रा रुमालात बांधले आणि तो निघून गेला.

वर्कशॉपचं दार सताड उघडं टाकून गेला. वळूनही पाहिलं नाही.

तो येईनासा झाला. मी काम थांबवलं नाही. दुसरं येतं काय मला? खांब मुळापासून कापला, पूर्ण जाडीचा नवा जोडला, कणभरही पुट्टी घातली नाही. कडेला घडी घालायला हात गेले, तसेच मागे घेतले. बाबा भिंत धरत धरत पुढे यायचे, त्याच्या उपड्या डब्यावर बसायचे आणि मला दिवा धरायचे. उजेड साऱ्या गाडीवर थरथरायचा. वेल्डिंग नीट दिसायचं नाही, पण दिवा ठेवा असं मी म्हटलं नाही.

"तशा आणखी असतील गं," एकदा ते म्हणाले. "रस्त्यावर."

"कुठे?"

"काय माहीत."

आम्ही दोघंही त्यानंतर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांकडे बघेनासे झालो.

आत्याने आतून हाक मारणं सोडलं होतं. म्हणून तो आल्याचं मला कळलंच नाही. रंग वाळला होता, मी फडक्याने काच पुसत होते, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "चुंबक दे."

वाळला होता तो. डोळ्यांखाली काळं. मी चुंबक दिलं. त्याने सरळ खांबावर लावलं. टप्पकन बसलं. ओढून काढायला त्याला जोर लागला.

बाबा डब्यावरून उठले. भिंत सोडून उभे राहिले.

"ती पट्टी मी लावली होती," ते म्हणाले. "पुट्टीत."

"माहीत आहे."

"पोरीला ठाऊक नव्हतं."

"तेही माहीत आहे."

बाबांनी हात जोडले. पण ते जुळून राहिनात. एकमेकांवर आपटत, निसटत, पुन्हा शोधत राहिले. तो त्या हातांकडे बघत होता. क्षणभर वाटलं, पुढे होऊन धरेल. धरले नाहीत.

"मला काही बोलता येणार नाही," तो म्हणाला. "आज तरी नाही."

तो गाडीत बसला. शेजारच्या मेकॅनिककडून मी चालू करून घेतलेलं इंजिन लागलं. गाडी मागे घेत घेत बोळात गेली, आणि मी हातात फडकं घेऊन उभी. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम माझ्यासमोरून चाललं होतं. आणि तो.

गाडी थांबली. डावं दार आतून उघडलं.

मी जवळ गेले. तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"त्या शौकीन माणसाकडे पोचवायची आहे," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना भेटायला येतो म्हणालो होतो, ते… ते नाही जमायचं. तुमच्या घरात पाय टाकवेल असं वाटत नाही मला. बहुतेक कधीच नाही."

"बरं."

"पण तू बाहेर येऊ शकतेस."

मी फडक्याने दाराची कड पुसली.

"येताना गाडी नसेल," तो म्हणाला. "चालत यावं लागेल. लांब आहे."

"आईला सांगितलंस?"

"पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती धुतली, पुसली, ओट्यावर ठेवली. बोलली काही नाही. आज निघालो तर म्हणाली, 'सावकाश जा.'"

"आणि दाराचं?"

"दाराचं काहीच नाही."

मी मागे वळून पाहिलं. बाबा तसेच उभे होते, हात खाली सोडून. आत्या त्यांच्या बाजूला. तीच बोलली शेवटी. "बघत काय राहिलीस? हात पुसून बस, नवी आहे गाडी."

मी हात पुसले आणि बसले. तो उतरला नाही. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. तो ऐकत होता.

मी दार ओढलं.

खट… खट.

आता ओढून बघेल, म्हणून मी वाट पाहिली. त्याने गिअर टाकला.

बोळाचं वळण आलं, टेम्पो अडकला होता तेच. माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे जायला निघाला. पण त्याआधीच त्याचा हात माझ्या हातावर येऊन बसला होता. सोडवायचाच म्हटलं असतं, तर जोर लावावा लागला असता.